रात्री दोन वाजता कोणाला उठवशील?

"आदरणीय डॉक्टरबाई,

मी सातारा जिल्ह्यातली. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले, बाँडचं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. बालरोगच करायचं हे इंटर्नशिपपासून ठरलेलं आहे. नीट पीजीत रँक बेताचा आला, मुंबई-पुण्याला एमडी मिळणार नाही. हातात आहे ती सातपुड्याच्या बाजूच्या एका जिल्हा रुग्णालयातली राष्ट्रीय बोर्डाची दोन वर्षांची डिप्लोमाची सीट. बाबा म्हणतात, वर्षभर घरी बस आणि परत परीक्षा दे, जिल्हा रुग्णालयात शिकून कोणी बालरोगतज्ज्ञ होतं का? आई म्हणते, एवढ्या लांब एकटी कशी राहशील, आणि स्थळं येताहेत त्यांना डिप्लोमा म्हणून काय सांगायचं? मित्र म्हणतात, तिथे शिकवायला कोणी नसतं, नुसती हमाली होईल. माझी भीती वेगळीच आहे. पीएचसीत एका रात्री एक बाळ जन्मल्यावर रडलंच नाही. मी आणि सिस्टरने बॅग-मास्क लावलं, म्हणजे तोंडावर मास्क धरून फुग्याने हवा दिली, ते रडलं, पण माझे हात सकाळपर्यंत थरथरत होते. हे रोज एकटीने करायचं असेल तर मी शिकेन की मोडून पडेन? सीट लॉक करायला चार दिवस आहेत. घ्यावी का? आणि घेतलीच तर बरोबर काय न्यावं?

एक वाचक (नाव छापू नका)"

प्रिय डॉक्टर,

तुला 'तू' म्हणते. माझी धाकटी लेक तुझ्याहून मोठी असेल. दिवस चारच आहेत, म्हणून आधी उत्तर: घे. पण एक अट आहे, आणि ती पुरी होते की नाही हे तुला या चार दिवसांतच जाऊन बघावं लागेल. अटीकडे येते, आधी तुझे हात.

न रडलेल्या बाळाच्या छातीत पहिल्या मिनिटात हवा गेली पाहिजे. त्या मिनिटाला आम्ही 'सोन्याचं मिनिट' म्हणतो. त्या मिनिटात तुझे हात चालले, थरथरले ते नंतर. ज्यांचे हात आधी थरथरतात त्यांना मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. माझे स्वतःचे हात पहिली दोन वर्षं असेच नंतर थरथरायचे, चहाचा कप बशीवर वाजायचा. आमच्या वॉर्डातल्या मावशी मला मुद्दाम स्टीलच्या पेल्यात चहा देऊ लागल्या होत्या.

आता बाबांचा प्रश्न. त्यांना माझी एक फजिती सांग.

मी मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजात एमडी केलं. दुर्मीळ म्हणावेत असे आजार पाहिले, मोठमोठ्या सरांच्या राउंडला मागे मागे धावले, सुवर्णपदक थोडक्यात हुकलं. आणि पहिली नोकरी कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात. पहिल्याच आठवड्यात रात्री सहा वर्षांचा एक मुलगा आला. घामाने निथळत होता, हातपाय थंडगार, नाडी पळत होती, उलट्या थांबत नव्हत्या. विंचू चावून तीन तास झाले होते, त्यातले दोन उतारा करण्यात गेले होते. मी मुंबईत विंचवाचं एकही मूल पाहिलं नव्हतं. घाम पुसत, काय काय असू शकेल याची यादी डोक्यात करत उभी होते. ड्युटीवरच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "प्राझोसिन काढू का, मॅडम?" प्राझोसिन मला ठाऊक होतं ते रक्तदाबाच्या प्रकरणातलं. विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतं, त्याला हीच साधी गोळी आवर घालते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून दाखवलं होतं आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून ते जगभर पोचलं होतं. महाडहून ते माझ्या मुंबईच्या वॉर्डापर्यंत मात्र पोचलं नव्हतं. त्या सिस्टरपर्यंत पोचलं होतं. वजनावरून मात्रा काढून गोळी दिली, दर तीन तासांनी परत, हातपाय ऊबदार होईपर्यंत. पहाटे त्या मुलाच्या तळपायाला हात लावला तेव्हा तो कोमट लागला. बावस्करांना पुढे २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी त्या सिस्टरना फोन केला. त्या निवृत्त होऊन नातवंडं सांभाळत होत्या. म्हणाल्या, "कोण मुलगा? असे कितीतरी आले."

तेव्हा जिल्हा रुग्णालयात शिकून बालरोगतज्ज्ञ होतं का, याचं उत्तर बाबांना असं दे: मुंबईत शिकून झालेली एक बाई तिथे जाऊनच झाली.

तुला तिथे काय दिसेल ते सांगते, कारण 'हमाली' म्हणणाऱ्या मित्रांनी बहुधा एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष, आतून पाहिलेला नसतो. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात निदान बारा खाटा असतात, प्रत्यक्षात बाळं त्याहून जास्त. तिथेच जन्मलेली 'इनबॉर्न' आणि बाहेरून आलेली 'आउटबॉर्न', असे दोन भाग. तुझं खरं शिक्षण आउटबॉर्नच्या दारात होईल. तालुक्याहून दोन तासांचा रस्ता करून, पातळ साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, दीड किलोचं बाळ येतं. पहिलं काम स्टेथोस्कोप लावण्याचं नाही. हाताच्या उलट्या बाजूने पोट बघ, मग तळपाय. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार असतील तर ते हरायला लागलंय. हे यंत्राविना पाच सेकंदांत कळतं आणि पुढचा अर्धा तास काय करायचं ते ठरतं. मोठ्या शहरातल्या कक्षात बाळ तारांनी वेढलेलं येतं, पडद्यावर आकडे असतात, त्यामुळे बोटं शिकत नाहीत. हे मी माझ्याच सहाध्यायांबद्दल बोलते आहे, आणि त्यांतले काही आज माझ्यापेक्षा नामवंत आहेत.

श्वास मोजणंही तसंच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, एवढे झाले की श्वास जलद, म्हणजे धोका. पाठ सगळ्यांना असतं. पण पूर्ण मिनिटभर, मूल शांत असताना, अंगावरचं कापड वर करून मोजणारे डॉक्टर मी हाताच्या बोटांवर मोजू शकते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे भरपूर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी न शिकलेल्या दायांनाही श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचं साधं उपकरण केलं होतं. त्याच जिल्ह्यात गावच्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचा त्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाऊन वजन-तापमान बघतात, त्याच्या मुळाशी ते काम आहे. तू घरी सोडलेल्या बाळाचं पुढे काय झालं हे तुला त्या आशाताईच सांगतील. त्यांचा नंबर डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून घेत जा.

मग पोषण पुनर्वसन केंद्र, एनआरसी. सहा महिन्यांपुढचं मूल, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, कातडी सैल, डोळे खोल. शिकाऊ डॉक्टरचा हात आपोआप सलाइनकडे जातो. त्या मुलाचं हृदय तेवढं पाणी झेलत नाही. आधी साखर उतरलीय का बघायचं, ऊब द्यायची, एफ-७५ हे सुरुवातीचं दूध थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. लोहाचं औषध पहिल्या दिवसांत नाही, कितीही फिकं दिसलं तरी. मला हे एका मुलाने शिकवलं, जे माझ्या सलाइनने गेलं. त्याबद्दल याहून जास्त लिहिता येत नाही.

सातपुड्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. वर्षाचं बाळ, दोन्ही हातांचे पंजे सुजलेले, हात लावू देत नाही. आजी म्हणते खेळताना पडलं. दोन्ही हातांवर एकदम कुठलं मूल पडतं? रक्त तपासायला पाठव. साप चावलेलं मूल आलं तर लक्षात ठेव, प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच. सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. जन्मजात व्यंगं, उशिरा बोलणारी मुलं, वाकडी पावलं, हे सगळं शाळा-अंगणवाडीच्या तपासणीतून तुमच्या लवकर निदानाच्या केंद्रात येईल. तो कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरातूनच देशभर सुरू झाला.

आणि पोटावर चटके दिलेली बाळं येतील. मेळघाटात त्याला डंबा म्हणतात, तुझ्याकडे दुसरं नाव असेल. पहिल्यांदा पाहशील तेव्हा तोंडून शिवी येईल. गिळ. त्या आईला ओरडलीस तर पुढचं मूल तुझ्याकडे येणारच नाही, भुमकाकडेच, गावच्या वैदूकडेच राहील. मी ओरडले होते.

आता अट.

इमारत, खाटा, व्हेंटिलेटर यातलं काही विचारू नकोस. एवढंच शोधून काढ: रात्री दोन वाजता तू अडलीस तर उठवता येईल असा एक तरी माणूस तिथे आहे का? फोन उचलणारा, आणि तीनपैकी निदान एकदा पायात चपला घालून येणारा. असा एकच बालरोगतज्ज्ञ असेल तर ती सीट डोळे मिटून घे. नसेल, तर ते शिक्षण नाही, बिनमोलाची नोकरी आहे. मग बाबांचं ऐकलेलं बरं.

'मला कोणाला विचारायला लाज वाटत नाही' असं वाटत असेल तुला आत्ता. तीन महिन्यांनी लाज वाटेल. पहिल्यांदा सर फोनवर "एवढंही येत नाही?" म्हणतात तेव्हा माणूस पुढच्या वेळी फोन करत नाही, आणि त्या 'पुढच्या वेळी'ची किंमत बाळ मोजतं. मी पुढे स्वतः युनिट सांभाळू लागले तेव्हा निवासी डॉक्टरांना एकच नियम होता: मला विनाकारण उठवल्याबद्दल कोणी बोलणी खाणार नाही, न उठवल्याबद्दल खाईल. वीस वर्षांत विनाकारण उठवल्याच्या रात्री खूप झाल्या. नवऱ्याने दुसऱ्या खोलीत झोपायला सुरुवात केली. चालायचंच.

हे शोधायचं कसं? वेबसाइटवर नाही. एसटीत बस आणि जा. रात्री आठनंतर पोच, कारण दिवसा सगळीच रुग्णालयं बरी दिसतात. एसएनसीयूच्या बाहेरच्या बाकावर नातेवाइकांत तासभर बस. आत सिस्टर किती, बाळं किती, ते बघ. मागच्या बॅचचे निवासी डॉक्टर गाठ आणि 'सर शिकवतात का' हा प्रश्न विचारू नकोस, त्याला सगळे हो म्हणतात. विचार: "सगळ्यात शेवटी सर रात्री कधी आले होते? कशासाठी?" उत्तर लगेच आलं, बाळाच्या वजनासकट आलं, तर झालं तुझं काम. समोरचा छताकडे बघायला लागला तर परतीची गाडी किती वाजता आहे ते बघ.

आणखी एक गोष्ट त्याच फेरीत. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला रात्री आग लागून १० बाळं गेली. तेव्हापासून मी कुठल्याही कक्षात गेले की आधी दुसरं दार शोधते. तूही शोध. कुलूप लावलेलं असेल तर किल्ली कोणाकडे असते ते सिस्टरना विचार. ड्युटी रूमची कडी आतून नीट लागते का, तिथून वॉर्डापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का, हेही आईच्या वतीने बघून घे. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे. पण कायदा तक्रारीनंतर येतो, दिवा आधी लागतो.

मारहाणीच्या भीतीबद्दल तू लिहिलं नाहीस, पण आई मनात तेच धरून असणार. माझा अनुभव सांगते. दंगा बहुतेक वेळा मृत्यूमुळे होत नाही, मृत्यू अचानक कळल्यामुळे होतो. बाळ गंभीर असेल तर दर तीन-चार तासांनी बाहेर येऊन सांग, चांगलं काही नसलं तरी. आणि सांगायचं कोणाला, तर मोबाइल हातात घेऊन ओरडणाऱ्या काकाला नाही. भिंतीला टेकून गप्प बसलेली आजी शोध. तिने स्वतःची दोन-तीन मुलं घालवलेली असतात. तिला तुझा चेहरा बघूनच कळतं, आणि एकदा तिने मान हलवली की काका खाली बसतो. तिची भाषा पावरी किंवा भिलोरी असेल. पहिल्या महिन्यात पन्नास शब्द लिहून पाठ कर: ताप, दूध, धाप, हगवण, कधीपासून, घाबरू नको. शिकवायला वॉर्डातल्या मावशीच हव्यात.

काय मिळणार नाही हेही ऐकून घे. रक्ताचे कर्करोग, हृदयाची गुंतागुंतीची व्यंगं, चयापचयाचे जन्मजात आजार तू तिथे ओळखशील आणि पुढे पाठवशील, पण उपचार बघायला मिळणार नाहीत. शिकवण्याचे तास कागदावर असतात तेवढे होत नाहीत. म्हणून जे तिथे नाही ते मोठ्या रुग्णालयात महिना-दोन महिने जाऊन शिकण्याची परवानगी पहिल्या सहा महिन्यांतच अर्ज करून मागून ठेव. शेवटच्या वर्षी मागशील तर ड्युटीला माणूस नाही म्हणून नाकारतील. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे नवजात पुनरुज्जीवनाचे आणि इतर छोटे अभ्यासवर्ग कर. बाकी पुस्तक कोणाच्या बापाचं नाही.

पुढे पाठवलेल्या मुलांबद्दल मात्र एक सवय लाव. १०८ ची गाडी सुटण्याआधी बाळ ऊबदार आहे, साखर बघितली आहे आणि समोरच्या डॉक्टरशी तू स्वतः बोलली आहेस, या तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. चिठ्ठीवर 'उच्च उपचारासाठी' एवढंच लिहिणाऱ्यांचा मला राग आहे. आणि दोनशे पानी वही कर. डाव्या पानावर मला काय वाटलं, उजवं पान कोरं. चार दिवसांनी मोठ्या रुग्णालयात फोन करून काय निघालं ते विचार आणि उजवीकडे लिही. पहिल्या वर्षी उजवी पानं वाचताना कान लाल होतील. माझ्या अशा अकरा वह्या आहेत, आणि माझ्या पदवीपेक्षा मी त्यांना जास्त जपते.

वर्ष सोडण्याबद्दल. पुढच्या परीक्षेत रँक सुधारेलच अशी खात्री कोणी देत नाही, आणि वर्षभर घरात पुस्तकांसमोर बसलेल्या माणसाचे हात बॅग-मास्क विसरतात. डिप्लोमानंतर वेगळी प्रवेश परीक्षा देऊन आणखी दोन वर्षांत डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय बोर्डाची एमडीच्या तोडीची पदवी, करता येते. तेव्हा दार बंद होत नाही, वळणाने उघडतं. मेडिकल कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर त्याचे नियम अधूनमधून बदलतात. आजचा नियम बोर्डाच्या आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कागदावर वाच, सीनियरच्या तोंडून नको.

स्थळांचं आईला सांग की डिप्लोमा ऐकून मागे सरणारं स्थळ, तू रात्री दोनला उठून निघालीस की काय म्हणेल, तेही आत्ताच कळलं. पुरे.

बरोबर काय न्यावं? एक जाड पाठ्यपुस्तक, ते उशाला लागतंच. दंडाचा घेर मोजायची पट्टी स्वतःची ठेव, वॉर्डातल्या भिजून लांबतात. तिकडची थंडी साताऱ्याहून बोचरी, स्वेटर दोन ने. टॉर्च आणि जास्तीचे सेल. एक स्टीलचा पेला. आणि सेकंदकाट्याचं घड्याळ, पण मनगटावर नको. नवजात कक्षात हात कोपरापर्यंत मोकळे आणि धुतलेले लागतात, अंगठी-बांगडीसुद्धा चालत नाही. परिचारिका छातीला उलटं टाचतात तसलं घे, पूर्ण मिनिट मोजायला.